आमची जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी: एका आईचा अभिप्राय

माझ्या लेकीची चौथीची परीक्षा एप्रिलमध्ये झाली. जून २०२२ ला तिला गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला घातलं, तेव्हा भावकीनं आम्हाला वेड्यात काढलं होतं. "तिथं आपली पोरं राहिलीत किती? सगळी बाहेरची भरलीत," असं जो तो येऊन सांगायचा. दिराची दोन्ही मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. आम्हालाही ते परवडलं असतं. पण शाळा घरापासून चालत चार मिनिटांवर, पहिलीच्या मॅडम चांगल्या आहेत असं ऐकलेलं, आणि मी स्वतः अशाच शाळेत शिकलेली. म्हणून मी हट्ट धरला.

पुण्याजवळच्या चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या कंपन्यांच्या पट्ट्यात दर मे महिन्यात कुणी ना कुणी आई मला गाठते आणि विचारते: परराज्यातली एवढी मुलं असताना तुमची मुलगी तिथं रमली का? मैत्रिणी मिळाल्या का? मराठी बिघडलं नाही ना? प्रत्येकीला दारात उभं राहून सांगायचं तर निम्मं राहून जातं, म्हणून एकदा बसून लिहिते. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. यात लहान मुलांच्या गोष्टी आहेत, शाळेच्या चुका आहेत आणि माझ्या घरातली एक चूकही आहे.

आधी वरवरच्या गोष्टी. मराठी माध्यम, फी नाही, बालभारतीची पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत. जेवण बरं असतं, मटकीची उसळ असली की मुलं दुसऱ्यांदा मागतात. मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे, पण दुपारनंतर तिथलं पाणी संपतं. याबद्दल मी शाळा व्यवस्थापन समितीत तीनदा बोलले आणि अजून बोलणार आहे. शिक्षक मनापासून शिकवतात, पण ते कमी पडतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं प्राथमिकला साधारण तीस मुलांमागं एक शिक्षक हवा. लेकीच्या वर्गात तिसरीला ५२ मुलं आणि एक मॅडम होत्या.

या ५२ मध्ये घरी मराठी बोलणारी निम्म्याहून कमी, आणि त्यांच्यातली आमच्या गावची म्हणाल तर नऊच. बाकीची मराठी मुलं नांदेड, लातूर, वाशीम, जळगावकडून आलेल्यांची. मग बिहार आणि उत्तर प्रदेशची, थोडी ओडिशाची, तीन कर्नाटकातल्या कलबुर्गीकडची, दोन नेपाळची. सगळ्यांचे आईबाप कंपन्यांमध्ये किंवा कंपन्यांना माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत, बहुतेक ठेकेदाराकडे. आणि ही सगळी कुटुंबं राहतात कुठं, तर आमच्यासारख्यांच्या चाळीत. जमीन एमआयडीसीत गेली, पैसे आले, लोकांनी घरामागं खोल्या काढल्या. आमच्याही आठ आहेत, दहा बाय दहाच्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण शाळेत मुलांचं कसं जमतं याचा निम्मा हिशोब त्या खोल्यांमध्ये आहे.

पहिले पंधरा दिवस मुलं आपापली बसली. गावातल्या मुली खिडकीकडं, हिंदी बोलणाऱ्या दाराकडं, नेपाळची दोघं भिंतीला टेकून. कुणी सांगितलं नव्हतं. ओळखीचा चेहरा शोधून मूल त्याच्याशेजारी बसतं, त्यात वाईट काही नाही. मॅडमनी ते पंधरा दिवस चालू दिलं आणि मग कामाच्या जोड्या लावल्या. फळा पुसणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, ताटं मांडणे, झाडांना पाणी घालणे. एक गावचं आणि एक बाहेरचं, महिनाभर एकच जोडी. माझ्या लेकीच्या वाट्याला चाफ्याचं झाड आणि आमच्याच खोली नंबर पाचमधली मुलगी आली.

ती मुलगी बिहारमधल्या सिवान जिल्ह्याची. घरी भोजपुरी. लेक तिला म्हणायची, "बादली धर." ती विचारायची, "का?" लेकीला वाटायचं, ही कारण विचारतेय. ती चिडून सांगायची, "झाडाला पाणी घालायचंय म्हणून!" तरी पुन्हा "का?" चार दिवस हे चाललं. भोजपुरीत 'का' म्हणजे 'काय', हे मॅडमनी पाचव्या दिवशी ऐकलं आणि दोघींना समोर उभं करून समजावलं. त्या दिवशी लेक घरी आली ती उड्या मारत: "आई, ती का म्हणते ना, ते काय असतं!" तिला कोडं सुटल्यासारखं झालं होतं. तिथून त्यांची गट्टी जमली. आता ती मुलगी अस्खलित मराठी बोलते, आमच्या सासूबाईंशी वाद घालण्याइतकं. पण घाईत असली की अजून "का?" निघतं, आणि माझ्या लेकीला ते कळतं.

दुसरीत शाळेनं मोठी चूक केली. पट वाढला म्हणून दोन तुकड्या पाडल्या आणि 'शिकवायला सोपं जाईल' असं म्हणून तुकड्या भाषेवर पाडल्या. अ तुकडीत मराठी बोलणारी, ब तुकडीत बाकीची. कुणाचा हेतू वाईट नव्हता. ब तुकडीला मराठीची ओळख सावकाश करून द्यायची, असं ते गणित होतं. मलाही ऐकताना बरोबरच वाटलं. पण ऑगस्ट उजाडायच्या आत मुलांनी त्याचा आपला अर्थ लावला. अ म्हणजे हुशार आणि ब म्हणजे ढ. मग खो-खोला अ विरुद्ध ब. मग नळावर आधी अ. दिवाळीच्या आधी एका मुलाचं डोकं पाटीनं फुटलं, तीन टाके पडले. आधीच्या वर्षी जी मुलं एका बादलीनं झाडं भिजवत होती, तीच ही.

घरी मी लेकीला विचारलं, तुझी पाच नंबरची मैत्रीण कशी आहे? ती म्हणाली, "ती ब मध्ये आहे." मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

समितीच्या बैठकीत मी हा विषय काढला. आमच्यातलेच दोघं जण विरोधात होते. आपल्या मुलांचा अभ्यास मागं पडेल, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापक सरांनी दोन्ही तुकड्यांच्या वह्या आणून टेबलावर ठेवल्या. अ तुकडीच्या वह्या काही फार पुढं नव्हत्या. ब तुकडीचं मराठी मात्र पहिलीपेक्षा मागं गेलं होतं. त्यांना मराठी ऐकायला फक्त मॅडमच उरल्या होत्या, शेजारी बोलणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या सत्रात तुकड्या मिसळल्या. तिसरीला मग एक शिक्षक बदलून गेले आणि सगळी पुन्हा एकाच खोलीत आली, ती ५२ मुलं. दाटीवाटी झाली, पण नळावरची भांडणं थांबली. तुमच्या शाळेत तुकड्या भाषेवर पाडत असतील तर ते लगेच बदलायला लावा, आणि कारण कितीही चांगलं सांगितलं तरी मागं हटू नका.

तिसरीच्या मॅडमनी भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. डावीकडं मराठी शब्द आणि पुढं ज्याच्या त्याच्या घरचा. पाणी, पानी, नीरु. कांदा, प्याज, पियाज. मुलं घरून शब्द विचारून यायची आणि स्वतःच्या अक्षरात लिहायची. एके दिवशी 'आजी'ची ओळ आली. पाच नंबरच्या मुलीनं लिहिलं: आजी. वडिलांच्या आईला भोजपुरीतही आजीच म्हणतात. कलबुर्गीच्या मुलानं लिहिलं: अज्जी. मुलांना वाटलं ही दोघं नक्कल करतायत. मॅडमनी त्यांच्या आईबापांना विचारून खात्री करून घेतली आणि त्या ओळीला लाल खडूनं चौकट केली. पालक सभेला मी गेले तेव्हा तो कागद कोपऱ्यात फाटला होता, पण चौकट शाबूत होती. ओडिशाचा एक मुलगा मला बोट दाखवून ती वाचायला लावत होता.

त्याच वर्षीचं एक मात्र शाळेच्या नजरेतून सुटलं. नांदेडकडचा एक मुलगा होता, 'करलालो', 'जालालो' असं बोलणारा. गावच्या मुलांनी त्याचं नाव 'लालो' पाडलं. बिहारी मुलांना कुणी चिडवलं तर शिक्षक लगेच आडवे यायचे, पण याला चिडवलं तर सगळेच हसायचे, कारण हा 'आपलाच'. त्यानं वर्गात तोंड उघडणं बंद केलं. त्याच्या वडिलांनी पालक सभेत उठून सांगितलं तेव्हा कळलं. आणि हाच मुलगा मधल्या सुट्टीत बिहारच्या मुलांना सगळ्यात वाईट शिव्या द्यायचा. आपल्याकडं परका म्हणजे हिंदी बोलणारा एवढंच आपण धरून बसतो. चाकणमध्ये लातूरचं मूलही परकं होतं आणि ते कुणाच्या हिशोबातच नसतं. मॅडमनी नंतर त्याचे शब्दही कागदावर घेतले. वर्षअखेरीला तो पुन्हा बोलायला लागला, पण आधीसारखा नाही.

आणखी एका मुलाचं सांगायला हवं. वीटभट्टीवरचं कुटुंब, मुलगा नऊ वर्षांचा, शाळा कधी बघितलेली नाही. कायद्यानं वयाप्रमाणं वर्ग मिळतो, म्हणून तो तिसरीत बसला. अशा मुलाला विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. एका शिक्षकाला ५२ मुलं असताना ते कोण देणार? तो मागं बसायचा, अक्षर ओळखायचा नाही आणि वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होता. त्याच्याशी कुणी भांडलं नाही आणि कुणी मैत्रीही केली नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी भट्टी बंद झाली आणि तो गेला. लेकीला त्याचं नाव आठवत नाही. या मुलाच्या बाबतीत शाळा नापास झाली, आणि समितीवर असूनही मी काही केलं नाही.

चौथी सुरू झाली तो जून २०२५. पहिलीपासून हिंदी लागू करण्याच्या शासन निर्णयांवरून महाराष्ट्रभर रान पेटलं होतं. २९ जूनला सरकारनं ते निर्णय मागं घेतले. मी त्या निर्णयांच्या विरोधातच होते आणि आजही आहे, पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये. पण घरोघरी टीव्हीवर दिवसभर जे चालायचं ते मुलांच्या कानावर पडत होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका मुलानं ओडिशाच्या त्या मुलाला सांगितलं, "मराठीत बोल, नाहीतर गावाला जा." तो मुलगा मराठीतच बोलत होता. त्याचे उच्चार तेवढे वेगळे होते.

मुख्याध्यापक सर दुसऱ्या दिवशी परिपाठाला पाच मिनिटं बोलले. कुणाला ओरडले नाहीत, कुणाचं नाव घेतलं नाही. या शाळेत कुणी कुणाला जा म्हणायचं नाही, हा नियम सांगितला. आणि ज्याला वाटतं मित्रानं आणखी चांगलं मराठी बोलावं, त्यानं रोज मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसून वाचायचं. ते वाचन वर्षअखेरपर्यंत चाललं. जा म्हणणाराच मुलगा पहिल्या दिवशी त्या ओडिया मुलासमोर बसला, आधी नाइलाजानं, नंतर आपणहून. ज्यांना मराठीची काळजी आहे त्यांनी एकदा येऊन ती दहा मिनिटं बघावीत. सिवान, कलबुर्गी आणि ओडिशाची मुलं तिथं बसून मराठी कविता पाठ करतात, आणि आपली मुलं पिवळ्या बसमध्ये असतात. मला याचं फार वाईट वाटतं.

आता माझ्या घरातली गोष्ट.

ऑगस्टमध्ये खोली नंबर पाचच्या वडिलांचं काम थांबलं. पत्र्याचे पार्ट करणाऱ्या कारखान्यात ते ठेकेदाराकडे होते, ऑर्डर कमी झाली आणि ठेकेदारानं माणसं बसवली. भाडं दोन महिने थकलं. रात्री जेवताना मी आणि सासूबाई बोलत होतो. "पाच नंबरचं दोन महिन्यांचं राहिलंय. दिवाळीला गावाला जातील ते येणारच नाहीत परत." लेक ताटावर होती. मी तिच्याकडं बघितलंही नाही.

त्याच आठवड्यात वर्गात मॉनिटर निवडायचा होता. मुलांनी पाच नंबरच्या मुलीला निवडलं. लेकीला व्हायचं होतं. ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "आधी आमचं भाडं दे."

ती मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्या माझ्या लेकीला रागावल्या नव्हत्या, माझ्यावरही आवाज चढवला नाही. कपाटाशी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "ताई, वर्गात मी दोघींना एका बाकावर बसवू शकते. घरी एकीचे वडील मालक आणि दुसरीचे भाडेकरू, त्याला मी काय करू?" मला उत्तर सुचलं नाही.

घरी आल्यावर मी पाच नंबरला गेले. दार उघडं होतं, तिची आई खाली बसून लसूण सोलत होती. मला बघताच हात पदराला पुसत उठली. "भाभीजी, दिवाली से पहले दे देंगे, पक्का." मी पैशांसाठी आले नव्हते. पण दुसरं कशासाठी येईन, असं तिला का वाटावं? तीन वर्षांत त्या दारात मी भाडं किंवा लाईटबिल सोडून दुसऱ्या कारणानं एकदाही उभी राहिले नव्हते. आमच्या मुली रोज एकत्र शाळेत जात होत्या आणि मी तिला हाक मारताना 'पाच नंबरवाली' म्हणायचे. मी माफी मागितली. ती "बच्ची है, भाभीजी" म्हणाली आणि मला बसायला पाट दिला. मी बसले. तिनं विचारलं, मुलीचं नाव शाळेतून काढणार तर नाही ना? दाराशी माझी चप्पल आणि शेजारी तिच्या मुलीचं दप्तर होतं, चार दिवस न उचललेलं. त्यावर चाफ्याचं वाळलेलं फूल सुतळीनं बांधलेलं होतं.

मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. लेकीनं 'सॉरी' म्हटलं, पण अकरा दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मॅडमनी हातात हात द्यायला लावले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मॅडमनी काय केलं ते सांगते, कारण या शाळेचं मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते हेच. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, आणि चाकणचा संग्रामदुर्ग आमच्या शेजारचा. १६६० मध्ये शायिस्ताखानानं वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने लढवला. मॅडमनी वर्ग किल्ल्यावर नेला. उरलेली तटबंदी आणि खंदक दाखवला आणि परत आल्यावर चार-चार मुलांचे गट केले. प्रत्येक गटात चार चिठ्ठ्या: शायिस्ताखान का आला, खंदक आणि तटबंदी कशी होती, सुरुंग कसा लावला, फिरंगोजींचं पुढं काय झालं. एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं वाचायची नाही, ज्याची त्यानं समजावून सांगायची. आणि शेवटी मॅडम प्रश्न विचारणार ते चारही चिठ्ठ्यांवर, कुणालाही. म्हणजे शेजारच्याचं नीट ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही.

लेकीकडं खंदक आला. सुरुंग पाच नंबरच्या मुलीकडं.

पहिली दहा मिनिटं लेक ताठ बसून राहिली, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. मग तिला विचारावंच लागलं. ती मुलगी सांगत होती, "बुरुजाच्या खालून खणत खणत आले, दारू भरली आणि बुरुज उडाला." लेकीनं विचारलं, "पण खंदकात पाणी होतं ना? मग खणलं कसं?" ते दोघींनाही माहीत नव्हतं. दोघी उठून मॅडमकडं गेल्या. घरी आल्यावर लेकीनं मला बुरुज उडाल्याची हकिकत सांगितली आणि मधेच म्हणाली, "ती म्हणाली ना तसं." अकरा दिवसांनी तिच्या तोंडून 'ती' आलं.

मी मॅडमना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कुठून? त्या म्हणाल्या, शिकत असताना वाचलेलं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणल्यावर भांडणं पेटली होती. १९७१ मध्ये एलियट ॲरनसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तिथं ही पद्धत काढली, धड्याचे तुकडे मुलांत वाटायचे आणि एकमेकांकडून शिकायचं. नुसतं एका खोलीत बसवून मुलं जवळ येत नाहीत, त्यांना एकमेकांची गरज पडावी लागते, आणि त्या कामात कुणी कुणाच्या वरचं नसावं लागतं, असं त्यांनी मला समजावलं. मी लगेच मनात म्हटलं, आणि भाडं?

कारण शाळेची हद्द फाटकापर्यंतच आहे. पाच वाजता घंटा झाली की गावची मुलं वस्तीकडं आणि चाळीतली चाळीकडं. चार वर्षांत गावातल्या किती घरांत चाळीतलं मूल वाढदिवसाला आलं, हे मी मोजायला गेले तर आमच्याकडं एकदा, आणि तेही गेल्या जानेवारीत. आधीच्या वर्षांत लेक नावं सांगायची आणि आम्ही घरी त्यांतली निवडायचो. यंदा तिची यादी जशीच्या तशी ठेवली. सासूबाई सुरुवातीला गप्प होत्या. मग पाच नंबरच्या मुलीनं त्यांना आजी म्हणून हाक मारली आणि ही आमच्यातलीच आजी, भिंतीवर लिहिलेली, असं सांगत बसली. सासूबाईंनी तिला केकचा दुसरा तुकडा दिला.

दिवाळीचाही एक प्रश्न आहे. उत्तरेकडची कुटुंबं दिवाळी आणि छठ करून येतात, परतीचं रेल्वेचं तिकीट मिळत नाही, मुलं नोव्हेंबरअखेर उगवतात. तोपर्यंत जोड्या बदललेल्या असतात, अभ्यास पुढं गेलेला असतो. एकदा अशा मुलांची नावं पटावरून कमी करायची चर्चा झाली होती. समितीनं ती थांबवली. आता जाण्याआधी मॅडम वही देतात, आणि जोडीदार फोनवर रोज काय शिकवलं ते सांगतो. सगळे सांगत नाहीत. काही सांगतात.

समितीचंही सांगते. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. आमच्याकडं पालक होते, पण सगळे गावचे. चाळीतला बाप बुधवारी अकरा वाजता बैठकीला आला तर त्याचा दिवस बुडतो. गेल्या वर्षी बैठक रविवारी संध्याकाळी घ्यायला लागलो, तेव्हा वाशीमच्या एक ताई आणि पाच नंबरच्या भाभी आल्या. भाभी पहिल्या बैठकीत काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या बैठकीत मुलींच्या स्वच्छतागृहातल्या पाण्याचा विषय त्यांनीच काढला.

तर घालावं का मुलांना या शाळेत? माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण त्या वीटभट्टीवरच्या मुलासाठी कापला. लेकीचं मराठी बिघडलेलं नाही, उलट शब्द कुठून येतो हे विचारायची तिला सवय लागली आहे. ज्यांच्याकडं कागद नाहीत, जन्मदाखला गावी राहिलाय, त्यांनीही थांबू नये. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आणि गावच्या आयांनो, तुमच्या खोल्या असतील तर भाड्याचं बोलणं मुलांच्या ताटावर करू नका.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीची शाळा तळेगाव रस्त्याच्या पलीकडं, दिवसभर कंटेनर चालणारा तो रस्ता. पाच नंबरचे वडील म्हणतायत, मुलीला सिवानला तिच्या आजीकडं पाठवून देतो. भाभींना ते पटलेलं नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज त्यांनी आणलाय, पण भरलेला नाही. सोमवारी मी आणि त्या, दोघी मिळून रस्त्यापलीकडच्या शाळेत जाणार आहोत, पाचवीच्या तुकड्या कशा पाडतात ते विचारायला.